कोरावादक पाहुणे, बारा बाय दहाची खोली आणि रविवारचा एक तास

नव्वद_दशांश_चार (धागाकर्ता)

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाच्या आवारातून चालणाऱ्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी गेली तीन वर्षे रविवारी रात्री आठ ते नऊ जगभरच्या संगीताचा कार्यक्रम करतो. प्रक्षेपक शंभर वॅटचा असल्यामुळे आवाज दहा-बारा किलोमीटरांपलीकडे जात नाही, आणि म्हणूनच माझे श्रोते कोण हे मला जवळजवळ नावानिशी ठाऊक आहे. त्यांत गुऱ्हाळावर जागणारे कामगार आहेत, वसतिगृहातली मुले आहेत आणि दुकान आवरताना रेडिओ चालू ठेवणारे दोन-तीन किराणा दुकानदार आहेत.

या काळात सहारातल्या तुआरेग वादकांची गिटार, लिस्बनचा फादो, झिंबाब्वेची म्बिरा असे बरेच काही वाजवून झाले. प्रतिसाद मात्र संमिश्र आहे. तुवा प्रांतातल्या कंठगायनाचा, म्हणजे एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर निघतात त्या ‘खूमेई’चा, तुकडा लावला त्या रात्री पाचव्या मिनिटाला दूरध्वनी आला आणि पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत काळजीने सांगितले, ‘‘साहेब, तुमचं यंत्र बिघडलंय, कुणाला तरी बघायला सांगा.’’ मी हसलो खरा, पण चूक माझीच होती, कारण काय ऐकवणार आहोत हे मी आधी सांगितलेच नव्हते.

आता एक संधी चालून आली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियातील तीन वादकांचा एक संच जवळच्या शहरात एका सांस्कृतिक संस्थेच्या निमंत्रणावरून येत आहे आणि एका दुपारी आमच्या केंद्रावर यायला ते तयार आहेत. एक जण कोरा हे तारवाद्य वाजवत गातो आणि उरलेले दोघे तालवाद्ये वाजवतात. आमची ध्वनिमुद्रणाची खोली बारा बाय दहा फुटांची आहे आणि चांगले म्हणावेत असे मायक्रोफोन तीनच आहेत. लेखी परवानग्या कोणत्या घ्याव्यात, एवढ्याशा खोलीत हे मुद्रण कसे करावे आणि मुख्य म्हणजे ज्यांना पाहुण्यांच्या मांडिंका भाषेचा एक शब्दही कळणार नाही अशा श्रोत्यांसमोर हा तास कसा मांडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कलम_एकतीस

मी वकील नाही, परंतु एका केंद्राची कागदपत्रे अनेक वर्षे सांभाळली आहेत, त्या आधारावर लिहितो.

प्रकाशित ध्वनिमुद्रिका वाजवणे आणि आपल्या खोलीत बसलेल्या माणसाचे वादन मुद्रित करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वामित्वहक्क कायदा १९५७चा आहे आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यात कलम ३१ड आले, ज्यामुळे प्रसारण करणाऱ्या संस्थेला आगाऊ सूचना देऊन व ठरलेले मानधन भरून प्रकाशित गीते आणि ध्वनिमुद्रणे वाजवता येतात. याच कलमात एक अट आहे, जिच्याकडे बहुतेक निवेदक दुर्लक्ष करतात : रचनाकाराचे आणि प्रमुख कलाकाराचे नाव प्रसारणासोबत सांगणे बंधनकारक आहे. त्यामुळे आपल्या त्या दूरध्वनीचा प्रश्न अर्धा तरी कायद्यानेच सोडवून ठेवला होता असे म्हणायला हरकत नाही.

पाहुण्या संचाच्या बाबतीत ‘कलाकाराचा हक्क’ लागू होतो. आपले सादरीकरण मुद्रित करू द्यायचे की नाही, प्रसारित करू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कलम ३८अ प्रमाणे त्यांचा आहे आणि तो पन्नास वर्षे टिकतो. पारंपरिक चालीवर कोणाची मालकी नसली, तरी त्या दुपारी त्यांनी जे वाजवले ते त्यांचेच असते. म्हणून एकपानी संमतिपत्र करा आणि त्यात पहिले प्रसारण, पुनःप्रसारण, पॉडकास्ट आणि यूट्यूब या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून प्रत्येकीसमोर तिघांच्याही स्वतंत्र सह्या घ्या. संचाच्या प्रमुखाने एकट्याने सही केली आणि नंतर तालवादकाने हरकत घेतली, असा प्रसंग मी पाहिला आहे. त्यांच्या व्हिसावर असे सादरीकरण चालते का, याची खात्रीही निमंत्रक संस्थेकडून लेखी मागून घ्या.

केंद्राच्या नियमांचे म्हणाल, तर सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हायला हवेत आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. आठवड्यातल्या एका तासाने पहिल्या अटीला धक्का लागत नाही.

फेडरवरचा_हात

तीन मायक्रोफोन पुरेसे आहेत, मात्र ते कुठे ठेवायचे हे वाद्य पाहिल्यावर ठरवावे लागेल.

कोरा म्हणजे कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणलेले गाईचे कातडे, त्यातून आरपार गेलेला लांब दांडा आणि एकवीस तारा. या तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या असत, आता मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या असतात. एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला दहा अशा दोन उभ्या रांगांत त्या घोडीवर चढलेल्या असतात, आणि वादक वाद्याचे तोंड स्वतःकडे ठेवून दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या यांनीच वाजवतो. कंडेन्सर मायक्रोफोन घोडीच्या रोखाने दीड हात अंतरावर ठेवा. ध्वनिछिद्राच्या अगदी समोर ठेवलात, तर खर्जातल्या तारा गुरगुरू लागतील आणि वरच्या तारांची टिचकी हरवेल. गाण्यासाठी साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ द्या, म्हणजे त्यात कोऱ्याचा आवाज कमी शिरेल. दोन्ही तालवाद्यांना मिळून तिसरा.

खोलीचा प्रश्न मायक्रोफोनपेक्षा मोठा आहे. बारा बाय दहाच्या उघड्या भिंतींत हाताने वाजवायचा ढोल म्हणजे डब्यात खडे. भिंतींना गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा आणि तालवादकांना कोपऱ्यात अजिबात बसवू नका, कारण कोपऱ्यात ढोलाचा घुमारा दुप्पट होतो. पंखा आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवा. पाहुणे गॅम्बियाचे आहेत, उकाड्याचे त्यांना अप्रूप नसावे. मुद्रण झाल्यावर ते एकदा मोनोमध्ये ऐकून पाहा, कारण दुकानदाराच्या रेडिओला एकच स्पीकर असतो.

माझी एक फजिती सांगतो. आमच्या केंद्रावर एकदा पाहुण्या बासरीवादकांचे मुद्रण मी ४८ किलोहर्ट्‌झवर केले आणि प्रसारणाच्या संगणकावर ते ४४.१ समजून, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे कमी नमुने धरून, संथ वाजले. काळी दोनचा सूर पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मध्ये कुठेतरी उतरला आणि लयही आळसावली. कोणाही श्रोत्याने तक्रार केली नाही. त्या वादकांनी मात्र परतीच्या गाडीत ते ऐकले आणि फोन करून मला अतिशय नम्रपणे विचारले, ‘‘हे कोण वाजवतंय?’’ तेव्हापासून मी प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी पेटीवर एक सूर धरतो आणि प्रसारणाआधी त्याच पेटीशी तो पडताळून पाहतो.

शेवटचे म्हणजे एकवीस तारा लावायला वेळ लागतो. त्यांना घाई करू नका आणि यंत्र चालू राहू द्या, तो जुळवणीचा आवाजही उपयोगी पडेल.

तारपा_पालघर

माझा सूर थोडा वेगळा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्णय दिला, आणि त्याच भूमिकेतून पुढे सामुदायिक रेडिओचा मार्ग मोकळा झाला. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावात ‘संघम् रेडिओ’ सुरू झाला, तो दलित स्त्रियांनी आपल्या बोलीत, आपल्या शेतीबद्दल आणि आपल्या गाण्यांसाठी चालवला. या परंपरेत गॅम्बियाचे पाहुणे नेमके कुठे बसतात? आमच्या भागात तारपा हे भोपळ्याचे फुंकवाद्य वाजवणारे म्हातारे एकेक करून जात आहेत, त्यांचे तासभराचे स्वच्छ मुद्रणसुद्धा कोणाकडे नाही, आणि आपण पाहुण्यांसाठी गोधड्या टांगत आहोत.

‘जागतिक संगीत’ या नावाबद्दलही मला शंका आहे. ते आज रूढ आहे त्या अर्थाने १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या लोकांनी ठरवले, आणि हेतू इतकाच होता की दुकानदाराला या तबकड्या कोणत्या फळीवर ठेवायच्या ते कळावे. ग्रॅमीवाल्यांनीसुद्धा २०२०मध्ये ते आपल्या पुरस्काराच्या नावातून काढून टाकले. ज्या फळीवर इंग्रजी सोडून उरलेले सगळे जग कोंबले आहे, तिच्यावरून आपण कशासाठी उचलायचे?

यारा_काठची

मी मेलबर्नमध्ये राहते आणि इथल्या एका सामुदायिक केंद्रावर पंधरवड्यातून एकदा निवेदन करते. वरच्या प्रतिसादातली तळमळ समजते, पण इथे जे रोज पाहते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दर मार्चमध्ये अ‍ॅडलेडच्या बोटॅनिक पार्कमध्ये ‘वोमअ‍ॅडलेड’ महोत्सव भरतो; त्याची सुरुवात १९९२ साली झाली. तिथे आलेले अनेक संच पुढे मेलबर्नला येतात आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी दुपारी एखाद्या केंद्रावर दोन गाणी थेट वाजवून जातात. या केंद्रांकडे पैसा नसतो. जाहिराती नाहीतच, प्रायोजकांच्या उल्लेखांना कायद्याने तासाला पाच मिनिटांची मर्यादा आहे, आणि मुख्य आधार वर्गणीदार श्रोत्यांचा. तरीही संच येतात, कारण निवेदकाने त्यांचे काम आधी ऐकलेले असते. इथल्या केंद्रांना किमान चतुर्थांश संगीत ऑस्ट्रेलियन वाजवावे लागते (बहुभाषिक केंद्रांना त्यात सवलत आहे), म्हणजे पाहुणा आणि यजमान एकाच तासात शेजारी शेजारी बसतात. मला तरी यात कोणी कोणाची जागा घेतली असे दिसत नाही.

मुलाखतीबद्दल माझा आग्रह असा की ‘भारत कसा वाटला’ हा प्रश्न विचारू नका. वाद्याबद्दल विचारा : ही तार तुटली तर काय करता, हे तुम्हाला कोणी शिकवले, रागावून कोणी मारले होते का. हातातल्या वस्तूबद्दल बोलताना माणूस सैलावतो आणि भाषांतरही सोपे जाते. भाषांतर मात्र वाक्यावाक्याने करू नका. पाहुण्याला मिनिटभर त्याच्या भाषेत बोलू द्या, तो आवाज हळूहळू खाली घ्या आणि त्यावर मराठी निवेदन चढवा. आपल्या श्रोत्यांना परका आवाज नको असतो असे नाही, नुसत्या परक्या आवाजापाशी त्यांना एकटे सोडू नये इतकेच.

नव्वद_दशांश_चार (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संमतिपत्राचा मसुदा तयार केला आहे आणि चार ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत.

तारपा_पालघर यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपला राग रास्त आहे, आणि मीही तीन वर्षांत जिल्ह्यातल्या एकाही गोंधळ्याला या तासात बोलावले नव्हते, हे मला मान्य केलेच पाहिजे. गंमत अशी, की कोरावादकांची माहिती काढताना मी वारंवार त्यांच्याच उंबऱ्याशी येऊन पोहोचत होतो. कोरा वाजवणारे हे ‘जाली’, म्हणजे पिढीजात गायक. दियाबाते, कुयाते, सिसोको अशी त्यांची ठरलेली घराणी असतात; ते यजमानाच्या घरी त्याच्या पूर्वजांची नावे गातात आणि तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता राजाची कथा रात्रभर लावतात. मालीचे थोर कोरावादक तुमानी दियाबाते २०२४मध्ये वारले, ते आपल्या घराण्यात ७१ पिढ्या कोरा चालत आल्याचे सांगत. मुलीच्या हाती कोरा देण्याची रीत नव्हती, ती गॅम्बियाच्या सोना जोबार्ते यांनी मोडली. हे सगळे वाचून आमचे शिपाईकाका म्हणाले, ‘‘मग हे आपल्या गोंधळ्यांसारखंच की. फक्त संबळ नाही.’’

दुसरा धागा भोपळ्याचा. कोऱ्याच्या पोटात भोपळा आहे, आणि आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर मिरजेत पंढरपूरच्या परिसरातून येणाऱ्या भोपळ्यांपासून तानपुरे घडवणारी घराणी आहेत, ज्यांच्या वाद्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा असे योजले आहे, की पाहुण्यांच्या समोर तानपुरा घडवणारे एक बुजुर्ग कारागीर आणि एक गोंधळी गायक बसतील. एकत्र वाजवायचे नाही. तासाभराच्या ओळखीवर केलेले फ्यूजन मला कधीच रुचलेले नाही. आधी कारागिरांनी कोऱ्याचा भोपळा वाजवून पाहावा आणि काय वाटते ते सांगावे, मग गोंधळ्याने एक वंशावळ गावी, मग जालीने एक. मधल्या निवेदनात मी शक्य तितके कमी बोलेन. ‘जागतिक संगीत’ हे शब्द कार्यक्रमात येणार नाहीत, इतके आश्वासन देऊ शकतो.

तारपा_पालघर, आपल्या भागातल्या एखाद्या वादकाच्या मुद्रणासाठी आमचे यंत्र आणि मी, दोघेही दिवाळीच्या सुट्टीत मोकळे आहोत. प्रवास आम्ही पाहू, राहण्याचे तेवढे आपण पाहावे.

तारपा_पालघर

तारपा उघड्यावर, नाचणाऱ्यांच्या मधोमध वाजतो. खोलीत बसवून त्याचा जीव जाईल. यंत्र बॅटरीवर चालणारे आणा, आणि तारपावाल्यासोबत पहाटेपर्यंत जागायची तयारी ठेवा. राहण्याची सोय माझ्याकडे.

फेडरवरचा_हात

भोपळा बोटाने वाजवून पाहतानाचा आवाज पकडायचा असेल, तर तो मुलाखतीच्या मायक्रोफोनवर येणार नाही. कारागीर तो कानाशी धरतील, त्यामुळे तालवाद्यांचा मायक्रोफोन तेवढ्यापुरता काढून त्यांच्या कानाजवळ न्या. आणि उघड्यावरच्या तारप्यासाठी वाऱ्यापासून बचाव करणारी फोमची टोपी बरोबर ठेवा.

नव्वद_दशांश_चार (धागाकर्ता)

नोंद केली. वसतिगृहातून सहा गोधड्या मिळाल्या आहेत, सातवी शिपाईकाका घरून आणणार आहेत.