कोकम सरबतातील ड जीवनसत्त्व: नॅनो इमल्शनने नेमके काय टिकते?

प्रश्न (कुडाळ)

आमचा महिलांचा बचत गट अमृत कोकम तयार करतो. काही पालकांनी सुचवल्यावरून या हंगामात त्यात ड जीवनसत्त्व घालून पाहावे, असे आम्ही ठरवले. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, एवढे ठाऊक होते. म्हणून तेलातील ड३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणले, त्यात तेल-पाणी एकत्र धरण्यासाठी सोया लेसिथिन घातले, मिक्सरमध्ये पाच मिनिटे फिरवले आणि पाकात मिसळले. दोन दिवस सारे एकजीव दिसले. चौथ्या दिवशी सकाळी मात्र बाटलीच्या गळ्याशी पिवळसर तेलाचे कडे जमले होते आणि झाकण उघडताच ते बोटांना लागले. कच्चा माल देणारे एक व्यापारी सांगतात, की नॅनो इमल्शन, म्हणजे पाण्यात अतिसूक्ष्म तेलथेंब पसरलेले मिश्रण, वापरले तर दोन वर्षे काहीही होणार नाही. आमची खोली पत्र्याची आहे. मे महिन्यात दुपारी आत उभे राहवत नाही. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की थेंब बारीक केल्याने जीवनसत्त्व टिकते, की केवळ तेल वर यायचे थांबते?

उत्तर १ (अन्नतंत्रज्ञानाचा शिक्षक, रत्नागिरी)

ताई, आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच सारे मर्म आहे. ही दोन टिकाऊपणे वेगवेगळी आहेत आणि व्यापाऱ्यांनी ती एकत्र करून सांगितली आहेत. मी पहिल्याविषयी लिहितो.

तेलाचा थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. घरगुती मिक्सरमधून निघणारे थेंब साधारणपणे काही मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा, थेंब शंभर नॅनोमीटरवर आणला, तर व्यास दहापट घटतो आणि वर येण्याचा वेग शंभरपट मंदावतो. त्याशिवाय इतक्या बारीक थेंबांना पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे ढकलत राहतात, त्यामुळे ते एका जागी जमत नाहीत. तेलाचे कडे त्यामुळेच येत नाही. परंतु ही बारिकी मिक्सरने साधत नाही. त्यासाठी उच्च दाबाचा होमोजिनायझर (थेंब फोडून बारीक करणारे यंत्र) किंवा ध्वनिलहरींचे यंत्र लागते, नाहीतर तेल, पाणी आणि पायसीकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) यांचे प्रमाण अतिशय काटेकोर जुळवावे लागते.

दुसरी अडचण कोकमाची स्वतःची आहे. नारळाच्या दुधात कोकमाचा आगळ घालून सोलकढी केली आणि ती तशीच ठेवली, तर तासाभरात दाट थर वर आणि पातळ पाणी खाली असे होते, हे आपल्या घरी रोज दिसते. नारळाचे दूध हे इमल्शनच आहे. त्यातील थेंबांना प्रथिनांचे आवरण असते, आणि आंबटपणामुळे सामू (आंबटपणा मोजणारा पीएच आकडा) चारच्या आसपास आला, की त्या प्रथिनांवरील विद्युतभार जवळजवळ नाहीसा होऊन थेंब एकमेकांना चिकटतात. कोकमाचा पाक त्याहूनही आंबट असतो. लेसिथिनही थेंबांना मुख्यतः विद्युतभाराच्या आधारे दूर ठेवते, आणि आंबटपणात तो आधार ढिला पडतो. त्यामुळे इथे पॉलिसॉर्बेट ८० सारखा पायसीकारक अधिक उपयोगी ठरतो, कारण तो भारावर अवलंबून न राहता आपल्या लांब साखळ्यांनी थेंबांमध्ये अंतर राखतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नॅनो इमल्शन कायमचे स्थिर नसते, त्याचे बिघडणे फक्त लांबते. लहान थेंबांतील तेल पाण्यातून हळूहळू मोठ्या थेंबांकडे जाते आणि मोठे थेंब आणखी मोठे होतात. यालाच ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. पाण्यात किंचितही विरघळणारी सुगंधी तेले घेतली तर हे लवकर घडते. लांब साखळीची खाद्यतेले घेतली तर फारच सावकाश घडते, आणि शिवाय अशा तेलातील ड जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासही मदत होते.

उत्तर २ (औषधनिर्मितीत काम केलेला वाचक, चिपळूण)

सरांनी लिहिले ते योग्यच आहे. दुसरा टिकाऊपणा रासायनिक, आणि त्या बाबतीत बारीक थेंब उलट अडचण करू शकतात, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. तेवढ्याच तेलाचे थेंब दहापट बारीक केले, की त्यांचे एकूण पृष्ठफळ दहापट वाढते, आणि ऑक्सिजन व लोहाचे अंश तेलावर हल्ला करतात ते नेमके या पृष्ठभागावरच. मी काम करत असताना एक नमुना चार महिने काचेसारखा नितळ राहिला होता. त्यावर तेलाचा टिपूसही नव्हता, म्हणून आम्ही समाधानी होतो. एचपीएलसीवर (घटकाचे प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रावर) तपासल्यावर मात्र जीवनसत्त्व बरेच कमी झालेले निघाले. डोळ्यांना काहीच दिसले नव्हते. तेव्हापासून केवळ रूप पाहून दिलेल्या ग्वाहीवर माझा विश्वास बसत नाही.

ड३ ला प्रकाश, हवा आणि आम्ल हे तिन्ही बाधतात. आम्लात त्याचे आयसोटॅकिस्टेरॉल या वेगळ्या रसायनात रूपांतर होते. ड३ तेलाच्या थेंबात असल्याने आम्लापासून काही प्रमाणात बचावते, पण पुरते नाही. म्हणून तेलातच टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) घालावे, पाक लोखंडी भांड्यात अजिबात करू नये, बाटली गडद तपकिरी काचेची घ्यावी आणि ती गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. रक्षणासाठी म्हणून क जीवनसत्त्व घालण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु लोहाचे अंश असतील तर तेच ऑक्सिडेशनला हातभार लावते. पॉलिसॉर्बेटही जुना घेऊ नये, कारण त्यात साठवणीत पेरॉक्साइड तयार होतात आणि तेच पुढे जीवनसत्त्वावर उलटतात.

व्यापाऱ्यांना एवढेच विचारावे, की ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवल्यानंतर किती जीवनसत्त्व उरले, त्याचा अहवाल आहे का, आणि ती चाचणी आपल्या पाकाइतक्या आंबट माध्यमात केली होती का. साध्या पाण्यातील अहवाल कोकमाला लागू पडत नाही.

उत्तर ३ (औषध दुकानदार, मालवण)

मला तेलाच्या त्या कड्याचीच अधिक काळजी वाटते. तेल वर जमले म्हणजे जीवनसत्त्वही वर जमले. मग बाटलीतील पहिल्या पेल्यात ते अनेक पट येणार आणि शेवटच्या पेल्यात जवळजवळ काहीच नाही. प्रौढांसाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये दिवसाला ६०० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, एवढे प्रमाण सुचवले आहे. माझ्या दुकानातून आठवड्याला एक अशी ६०,००० एककांची बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्याच घरी मुले हे सरबत पिणार असतील, तर दर पेल्यातील प्रमाण लेबलवर स्पष्ट छापलेले असलेच पाहिजे, आणि ते अन्नसुरक्षेच्या नियमांत बसते का, हेही विक्रीपूर्वी विचारून घ्यावे. साठवणीविषयी एक गोष्ट सांगतो: उन्हाळ्यात लोक अशा बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. तसे करू नये. पाणी गोठताना थेंब एकमेकांवर दाबले जातात आणि इमल्शन फुटते.

प्रश्नकर्ती (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. मिक्सरमधील प्रयोग आम्ही आजच थांबवला आहे आणि तयार झालेल्या बाटल्या विकणार नाही. व्यापाऱ्यांकडे ४० अंशांवरील अहवाल मागितला, तेव्हा त्यांनी थेंबांच्या आकाराचा अहवाल पाठवला. जीवनसत्त्व किती उरते, याचा त्यात उल्लेखच नाही. तो मिळेपर्यंत खरेदी करायची नाही, असे गटाच्या बैठकीत ठरले. मिळाला तर वीस बाटल्यांचा एकच घाणा करू: दहा पत्र्याच्या खोलीत, दहा मातीच्या भिंतीच्या जुन्या कोठारात, आणि दर महिन्याला दोन्हीकडची एकेक बाटली प्रयोगशाळेत. बाटल्यांवर तारखा घालायचे काम माझ्या सासूबाईंनी मागून घेतले आहे.