तंजावरच्या चर्चमधला मराठा राजा आणि तरंगंबाडीची मंडळी

भटका_सातारकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन तंजावरला जाऊन आलो. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख बघायचा, हा बाबांचा जुना हट्ट. तो पुरा झाला, सरस्वती महाल ग्रंथालयही पाहिलं. निघताना शिवगंगा तळ्याकडे एक जुनं चर्च दिसलं म्हणून डोकावलो, तर आत संगमरवरी शिल्प. एक म्हातारा गोरा पाद्री अंथरुणावर पडलाय आणि त्याच्या हातात हात देऊन एक राजा. राखणदार एवढंच म्हणाला, "सरफोजी महाराजा." बाबा तिथून हलेनात. घरी आल्यापासून रोज विचारतात, तो पाद्री कोण आणि आपल्या राजाचं त्याच्याशी काय नातं?

कुणीतरी सांगितलं की ही लुथरन लोकांची (मार्टिन लुथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांची) जागा आणि त्यांचं मूळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला आहे. जानेवारीत पुन्हा त्या बाजूला जाणं आहे. तिथे बघण्यासारखं काय? रविवारच्या उपासनेला परक्या माणसाने बसलेलं चालतं का?

पोटोबा

इतिहास माहीत नाही, पण त्या रस्त्याला लागलात तर कुंभकोणमला थांबून डिग्री कॉफी घ्या. बाकीचे जाणकार येतीलच.

नगरची_कन्या

माझं माहेर अहमदनगर (आता अहिल्यानगर म्हणायचं), सासर तिरुचिरापल्ली, आणि सासऱ्यांचं मूळ गाव तरंगंबाडीपासून घटकाभराच्या अंतरावर. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हा उत्तर लांबणार. पोटोबांची कॉफी घेऊनच बसा.

आधी गोंधळ सोडवते. तो पाद्री म्हणजे ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. जर्मन, पक्का लुथरन, १७५० साली तरंगंबाडीला उतरला. पण पुढे तो एका इंग्रज संस्थेच्या पगारावर गेला. त्यामुळे त्याचं तंजावरचं चर्च आधी अँग्लिकनांकडे (इंग्लंडच्या चर्चवाल्यांकडे) आणि १९४७ नंतर चर्च ऑफ साउथ इंडियाकडे गेलं. म्हणजे शिल्पातला माणूस लुथरन, पण चर्च आज लुथरन नाही. आमच्या घरी सासरे हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाहुण्याने विचारलेलं नसलं तरी.

मूळ घर मात्र तरंगंबाडीच. डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून किनाऱ्यावरची ती पट्टी मिळवली आणि किल्ला बांधला. तेव्हा तंजावरला अजून भोसले आलेही नव्हते. पुढे ९ जुलै १७०६ ला डेन्मार्कच्या राजाने धाडलेले दोन तरुण जर्मन तिथे उतरले, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युटशाउ. झीगेनबाल्गचं वय जेमतेम चोवीस. गंमत म्हणजे राजाने पाठवलेली माणसं राजाच्याच अधिकाऱ्याला नको होती. व्यापाराच्या आड येणारी ब्याद! १७०८ च्या अखेरीस त्या कमांडंटने झीगेनबाल्गला चार महिने कोठडीत टाकलं.

तो तमिळ शिकला तो शाळेतल्या पोरांच्या ओळीत बसून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवत. मला हा माणूस जवळचा वाटतो तो याच एका गोष्टीमुळे, कारण लग्नानंतर पहिलं वर्षभर मीही चार वर्षांच्या पुतणीच्या पाटीवर 'अ आ' गिरवत होते आणि ती मला छडी दाखवायची. तमिळमधले तीन 'ल' अजूनही माझ्याकडून नीट निघत नाहीत. आमच्या पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) नाव घेतलं की आख्खं घर हसतं.

त्याने तमिळ नवा करार छापला तो १७१५ मध्ये. छापखाना लंडनच्या संस्थेने पाठवलेला, तमिळ खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जर्मनीतल्या हाले गावी ओतलेले. पण ते खिळे एवढे मोठे की कागद पुरेना, म्हणून मग लहान खिळे इथेच ओतले. तिथल्या देवदेवतांवरही त्याने मोठा ग्रंथ लिहून हालेला पाठवला. तिथून उत्तर आलं की तुला ते देव नाहीसे करायला पाठवलंय, त्यांची माहिती युरोपात पसरवायला नाही. तो ग्रंथ छापला गेला थेट १८६७ मध्ये.

पहिलं चर्च समुद्राने खाल्लं. आज दिसतं ते नवं यरुशलेम चर्च. ११ ऑक्टोबर १७१८ ला त्याचं समर्पण झालं आणि पुढच्या फेब्रुवारीत झीगेनबाल्ग वारला, छत्तिसाव्या वर्षी. वेदीसमोरच त्याला पुरलंय.

तुम्ही "नमस्कार मंडळी" लिहिलंत ते वाचून मला क्षणभर आमचे नगरचे पाळकसाहेबच बोलताहेत असं वाटलं. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं. इथे तमिळमध्ये शब्द आहे 'सबै', म्हणजे सभा. आणि चर्चला इथले ख्रिस्ती लोक सर्रास 'कोविल', म्हणजे देऊळ, म्हणतात, पाळकांना 'अय्यर'! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळी अय्यर घरी येणार आहेत." मी नगरची, मला वाटलं घरात सत्यनारायण आहे की काय.

शंकासुर

माहिती छान आहे, पण एक विचारू का? शेवटी आले ते धर्मांतर करायलाच ना? आणि धर्म बदलून जात गेली का? आमच्याकडे तर म्हणतात की गेली नाही.

तंजावरकर_चेन्नई

मी तंजावर मराठी, घरात मराठी, बाहेर तमिळ. भाषेत चूक दिसली तर सांभाळून घ्या.

सातारकर, तुमच्या बाबांच्या प्रश्नाचा अर्धा भाग राहिला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतलं तेव्हा ते दहा वर्षांचे. राजे लगेच गेले आणि गादी त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. त्या कोंडमाऱ्यात पोराची पाठराखण केली ती श्वार्ट्झने. मद्रासला नेऊन शिक्षणाची सोय लावली, गादीसाठी कंपनी सरकारकडे सतत लिहीत राहिला. श्वार्ट्झ वारला फेब्रुवारी १७९८ मध्ये आणि सरफोजी त्याच वर्षी गादीवर आले. ते शिल्प त्यांनी लंडनहून जॉन फ्लॅक्समनकडून करवून आणलं. थडग्याच्या दगडावर इंग्रजी कविता आहे, तीही स्वतः राजांची.

धर्म मात्र बदलला नाही. १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले. शंकासुर, याची नोंद घ्या. आणि राजवाड्यात देवनागरी छापखाना काढून १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापली. छापखान्याचं वेड कुठून लागलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

नगरची_कन्या

वा, तंजावरकर! छापखान्यावरून आठवलं. मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला तो बंगालमधल्या श्रीरामपूरला, आणि ते गावही डॅनिशांचंच. ती दोन्ही ठाणी डेन्मार्कने १८४५ मध्ये एकाच व्यवहारात इंग्रजांना विकली. नगरला लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर मी सासरी थोडी कमी परकी झाले असते.

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. धर्मांतर करायलाच आले होते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. १७०७ चे पहिले बाप्तिस्मे डॅनिशांच्या घरच्या नोकर-गुलामांचे.

आणि जात? नाही गेली. चर्चमध्ये वेल्लाळ (जमीनदार शेतकरी जातीतले) वेगळे बसत, दलित वेगळे. १८३३ मध्ये कलकत्त्याच्या बिशप विल्सन यांनी हुकूम काढला की अँग्लिकन मंडळ्यांमध्ये जातिभेद ताबडतोब बंद. त्याविरुद्ध तंजावरला सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? वेदनायगम शास्त्रींचा. श्वार्ट्झने लहानपणापासून वाढवलेले, सरफोजींच्या दरबारी कवी म्हणून मान मिळवलेले. त्यांची पदं कर्नाटक रागांत बांधलेली आहेत, दोनशे वर्षं तमिळ ख्रिस्ती घरांतून गायली जातात. नगरला आम्ही नारायण वामन टिळकांच्या भजनांवर वाढलो. वाटायचं, देशी चालींत देवाला आळवणं ही आपल्याच गावाची कमाई. इथे पहिल्या रविवारी मृदंगावर शास्त्रींचं पद ऐकलं आणि माझा तो तोरा गळून पडला. पण जातीच्या बाबतीत हा माणूस चुकीच्या बाजूला उभा होता. मी त्यांची पदं गाते आणि हेही बोलते. सासऱ्यांना आवडत नाही. पुढे लाइपझिगच्या लुथरन मिशनने जातीबाबत नरम धोरण घेतलं, म्हणून दुखावलेले कित्येक वेल्लाळ लुथरन मंडळीत आले.

सासूबाई त्यांच्या लहानपणच्या एका खेड्यातल्या मंडळीची गोष्ट सांगतात, गावाचं नाव लिहीत नाही. तिथे बाकं नव्हती, घरून चटया न्यायच्या. कुणाची चटई कुठे, हे कुणी सांगत नसे, पण पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे. एका नाताळला त्यांच्या वडिलांनी आपली चटई उचलली आणि पलीकडच्या बाजूला नेऊन अंथरली. कुणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या आजूबाजूला चार हात जमीन मोकळी. दोन-तीन महिन्यांनी एक जण शेजारी येऊन बसला, तोही उशिरा आला आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. पुढे त्याच्याच मुलाने सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली. ती चटई आता नाही, पण सासूबाई अजून बाकावर बसायच्या आधी पदराने जमीन झटकतात.

तंजावरकर_चेन्नई

कर्ज एकतर्फी नाही हो. तमिळ हरिकथेत अजून साकी, दिंडी, ओवी, अभंग म्हणतात, ते आपल्या कीर्तनातून आलेत. माझी आजी हरिकथेला गेली की साकी आली रे आली, शेजारणीला कोपराने ढोसायची, "हे आमचं!"

भटका_सातारकर

बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चटईपाशी थांबवून परत वाचायला लावलं. आता फक्त जाण्याबद्दल सांगा.

नगरची_कन्या

तंजावरहून कुंभकोणम, मयिलाडुतुरै करत तरंगंबाडी, शंभरेक किलोमीटर. गावात जुन्या वेशीतून शिरलात की सरळ राजरस्ता समुद्राकडे जातो. त्यावरच नवं यरुशलेम चर्च, चारही बाहू सारखे असलेला पांढरा क्रूस. दर्शनी भागावर डॅनिश राजाचा मुकुट आणि अक्षरं बघा. समोरच झायन चर्च, १७०१ चं, ते डॅनिशांनी आपल्या लोकांसाठी बांधलं होतं. रस्त्याच्या टोकाला किल्ला आणि लाटा.

फलकांवर नावं बहुतेक गोऱ्यांची दिसतील. सासऱ्यांचं म्हणणं, आरोनबद्दल विचारा. १७३३ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेला तमिळ माणूस, भारतातला पहिला प्रोटेस्टंट देशी पाळक. झीगेनबाल्ग तिथे राहिला तेरा वर्षंही नाही. गावोगाव चालत फिरले ते असले उपदेशक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना हुसकावलं, तेव्हाही मंडळी मोडली नाही. १४ जानेवारी १९१९ ला तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहिली. तुम्ही संक्रांतीच्या सुमारास येत असाल तर नेमका वाढदिवस गाठाल.

उपासनेला खुशाल बसा. चपला बाहेर, आईंनी डोक्यावर पदर घेतला तर आजूबाजूच्या बायका खूश होतील. भाषा कळणार नाही, पण एक पद मृदंगावर आणि पुढचं गीत जर्मन चालीवर, हा बदल कानाला लगेच कळतो. प्रभुभोजनाच्या वेळी (भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा) जागेवर बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. बाहेर पडताना लोक हात जोडून "स्तोत्रम" म्हणतील, तुम्हीही म्हणा.

आणि जवळपास कुठे हंगामाचा सण लागला तर सोडू नका. शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना झाली की आवारात लिलाव! भाताच्या ओंब्या, केळीचे घड, अंडी, दुधी. सासऱ्यांच्या गावी गेल्या खेपेला सासूबाईंनी घरचा कोंबडा दिला होता. लिलावात बोली चढायला लागल्यावर सासरे अस्वस्थ झाले. एकशे ऐंशीवर शेजारी थांबला तर यांनी दोनशे म्हटलं, त्याने सव्वादोनशे, यांनी तीनशे. आपलाच कोंबडा तीनशे रुपयांना विकत घेऊन आले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. कोंबडा अजून आहे, पहाटे साडेतीनला आरवतो.

भटका_सातारकर

तिकिटं काढली. बाबा विचारताहेत, परक्या माणसाने लिलावात बोली लावलेली चालते का?