स्टार ट्रेक: खरा कस मालिकेच्या भागांत की चित्रपटांत?

शततारका
स्टार ट्रेक या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी कथाविश्वातले चित्रपट मी आवडीने पाहते. परंतु या कथाविश्वाचे मोठेपण त्याच्या मालिकांच्या भागांतच आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्रपटाला केलेला खर्च वसूल करायचा असतो, म्हणून त्याला खलनायक लागतो, स्फोट लागतात आणि शेवटी काहीतरी प्रचंड वाचवावे लागते. पाऊण तासाच्या भागावर अशी सक्ती नसल्याने तो एकच प्रश्न हाती घेऊन शेवटपर्यंत त्याचाच पाठपुरावा करू शकतो.

'नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतला १९८९ सालचा 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग पाहा. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळ दलाची मालमत्ता आहे की स्वतःचे निर्णय घेण्याचा हक्क असलेली व्यक्ती, यावर सुनावणी भरते आणि त्याच्याविरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याचाच मित्र असलेल्या रायकरवर येऊन पडते. रायकर सर्वांसमक्ष डेटाचा हात सुटा करून दाखवतो आणि मग बोलता बोलता त्याच्या पाठीवरची कळ दाबतो. डेटा मेजावर कोसळतो. त्यानंतर जागेवर परतणाऱ्या रायकरचा चेहरा पाहिला, की युक्तिवाद जिंकण्याची किंमत काय असते ते कळते. येथे एकही गोळी सुटत नाही. एवढी शांतपणे मांडलेली नैतिक कोंडी मला एकाही चित्रपटात सापडलेली नाही.

गगनवेध
आपल्या मताचा आदर राखून तीव्र असहमती नोंदवतो. खर्चाचा मुद्दा तर इतिहासालाच धरून नाही. सर्वांत गाजलेला 'द रॅथ ऑफ खान' (१९८२) हा १९७९ च्या पहिल्या चित्रपटापेक्षा बऱ्याच कमी पैशांत, जुनी नेपथ्ये आणि काही जुनी दृश्येही पुन्हा वापरून उभा राहिला. याउलट १९७९ च्या त्या खर्चिक चित्रपटात रूढ अर्थाने खलनायकच नाही; आपल्या निर्मात्याला शोधत निघालेले एक यान आहे. आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी त्यात इलियाची भूमिका केली होती, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.

खान हे खलनायकाचे पात्र १९६७ च्या 'स्पेस सीड' या भागात आले आणि तिथे कथानायक कॅप्टन कर्कने त्याला एका ओसाड जगात सोडून दिले. त्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे विचारायला चित्रपटच यावा लागला. त्यात कर्कचा वाढदिवस आहे, त्याचा डॉक्टर मित्र मॅकॉयने भेट दिलेला वाचायचा चष्मा आहे आणि हरणे कधी मान्यच न केलेल्या माणसासमोर अखेर काचेपलीकडे मरणारा त्याचा जिवलग मित्र स्पॉक आहे. नायक आणि खलनायक तर एकदाही समोरासमोर येत नाहीत. वार्धक्य आणि पराभव यांविषयीचे हे चिंतन आपण स्फोटांच्या खात्यात कसे टाकता?

शततारका
स्पॉकचा मृत्यू मलाही हेलावतो. पण १९८४ च्या पुढच्याच चित्रपटाने तो परत घेतला, हे विसरून चालणार नाही. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' (१९६७) या भागात, भूतकाळात गेलेला कर्क इतिहास बिघडू नये म्हणून मॅकॉयला घट्ट धरून ठेवतो आणि जिच्यावर त्याचे प्रेम आहे त्या इडिथ कीलरला रस्त्यावर मरू देतो. ते मरण कोणीही परत घेतलेले नाही आणि म्हणूनच ते अजून टोचते.

ध्रुवपद
मला वाटते, आपण दोघेही लांबी आणि पैसा यांत अडकला आहात. खरा फरक आधीच्या ओळखीचा आहे. 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतल्या 'इन द पेल मूनलाइट' (१९९८) या भागात अंतराळस्थानकाचा प्रमुख सिस्को रोम्युलन या तटस्थ परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढण्यासाठी बनावट पुरावा तयार करवतो आणि त्यातून होणाऱ्या हत्येचा वाटेकरी ठरतो. हा माणूस सचोटीचा आहे, हे आपण कित्येक वर्षे पाहत आलो नसतो, तर ही गोष्ट कोणत्याही हेरकथेसारखी वाटली असती.

गगनवेध
हा निकष मला मान्य आहे आणि तो चित्रपटांच्याच बाजूने जातो. 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री' (१९९१) हा शीतयुद्ध संपत असतानाचा चित्रपट. क्लिंगॉन या जुन्या शत्रू परग्रहवासीयांचे साम्राज्य कोलमडत असल्याचे स्पॉक सांगतो, तेव्हा कर्क उत्तरतो, "मरू द्या त्यांना." त्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलेले प्रेक्षकांनी पाहिलेले असते, म्हणून आपल्या लाडक्या नायकाच्या तोंडचा हा द्वेष पोकळ वाटत नाही. अनेक वर्षांची ओळख येथेही कामी आली आहे.

शततारका
ते वाक्य जबरदस्त आहे, यात शंका नाही. मात्र त्यानंतर काय होते ते पाहा. कट उघडकीस येतो, अदृश्य जहाजाशी लढाई होते, शांतता परिषदेतला मारेकरी ऐन वेळी टिपला जातो आणि कर्कच्या मनातल्या द्वेषाचा निकाल एका छोट्या भाषणात आटोपतो. हाच विषय एखाद्या भागाला मिळाला असता, तर त्या द्वेषाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून पूर्ण पाऊण तास उलटतपासणी झाली असती.