पत्रकावर छापखान्याचं नाव सक्तीचं, मग व्हिडिओवर कुणाचं?

लालबागचा छापखानेवाला:
वडिलांपासूनचा ऑफसेटचा छापखाना आहे. निवडणूक लागली की हँडबिलं, कार्यअहवाल, रात्र रात्र मशीन चालायचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-अ आम्हाला तोंडपाठ. पत्रकाखाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. आधी प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, छापून झालं की एक प्रत सरकारदरबारी. चुकलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 2,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. दंडाचं सोडा हो, पोलीस दारात आला की गल्लीभर बोभाटा.

2024 च्या विधानसभेला काम निम्म्यावर आलं. "काका, पत्रक वाचतंय कोण?" म्हणे. असो, धंदा बदलतोच. पण 19 नोव्हेंबरच्या रात्री, मतदानाच्या आदल्या दिवशी, बिल्डिंगच्या ग्रुपवर एका उमेदवाराची बदनामी करणारा व्हिडिओ आला. नाव ना गाव. तोच मजकूर मी बिननावाचा छापला असता तर? याला विचारणारं कुणी आहे का?

माजी वॉररूम:
नियम आहेत, काका. निवडणूक आयोगाने 2013 मध्येच काढलेत. उमेदवाराला फॉर्म 26 मध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात, आपली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात, पैसे देऊन करायची जाहिरात एमसीएमसी या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. फेसबुकच्या ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या जाहीर नोंदीत, पैसे कुणाच्या नावाने भरले तेही दिसतं. गोम अशी की हे सगळं जाहिरातीला. स्वतःच्या खात्यावरच्या साध्या पोस्टला पूर्वमंजुरी लागत नाही, आणि व्हॉट्सॲपची लायब्ररी कुठली आणायची?

आमच्याकडे, म्हणजे उमेदवाराच्या प्रचाराच्या वॉररूममध्ये, साहेबांच्या पेजवर उद्यान, गटारं, हळदीकुंकू. तिखट माल कुणातरी पोराच्या नंबरवरून सोसायट्यांच्या ग्रुपात. फार फिरलेला मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला फॉरवर्ड होतो. म्हणून फॉरवर्ड करायचाच नाही, दर ग्रुपात फाइल नव्याने चढवायची.

हिशेबनीस:
विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख. त्यात नुसती जाहिरातच नाही, तर मजकूर बनवणाऱ्यांचा मोबदला आणि टीमचे पगारही धरायचे असतात. प्रत्यक्षात ती पोरं कागदावर "कार्यकर्ते". निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकात चहा-वडापावचा दर असतो, त्यामुळे वडापाव हिशेबात येतो. एडिटिंग येत नाही.

दादर पश्चिम:
व्हिडिओची एवढी धास्ती नको. 2019 च्या लोकसभेला राज ठाकरेंनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत मोदींविरोधात सभा गाजवल्या, पक्षाचा एकही उमेदवार उभा नसताना. क्लिपा घराघरात पोचल्या. निकाल? भाजप-शिवसेना युतीलाच राज्यात 48 पैकी 41 जागा. पण तिथे बोलणारा माणूस समोर उभा होता, हे मात्र खरं. काका, निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार टाका, 100 मिनिटांत दखल घेतात.

लालबागचा छापखानेवाला:
तेच करायला गेलो होतो. ॲप गॅलरीतला व्हिडिओ घेत नाही, जागेवर जाऊन तिथल्या तिथे काढलेलाच लागतो. म्हणजे बायकोच्या फोनवर तो लावायचा आणि माझ्या फोनने शूटिंग करायचं? वर लोकेशन जाणार आमच्या स्वयंपाकघराचं. भरारी पथक आलं तर त्यांना दाखवू काय, कुकर?