मदत हवी आहे: फिलिपिनो मैत्रिणीचा डबा रिकामा कसा परत देऊ?

नमस्कार मंडळी, मी दुबईत असते आणि आमच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त फिलिपिनो आहेत. जेवायला बसले की जो दिसेल त्याला "काइन तायो" म्हणतात, म्हणजे चला जेवायला, आपल्या "या जेवायला" सारखंच, आधी मला वाटायचं नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात पण शेजारची ताई खरंच ताटात वाढते हो! मी पोर्क-बीफ खात नाही हे कळल्यावर तिने माझ्यासाठी वेगळा चिकन अदोबो करून आणला, व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, तमालपत्र आणि अख्खे मिरे, बस, ना हळद ना तिखट, आणि व्हिनेगर घातलं की उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही म्हणे. भाताबरोबर इतका भारी लागला की डबा चाटूनपुसून साफ.

आता तो डबा आठवडाभर माझ्या ओट्यावर पडलाय आणि रिकामा परत द्यायला हात धजत नाही, आई असती तर निदान साखर तरी घालून दिली असती 😅

प्रश्न असा की काय भरून देऊ? तिखट त्यांना झेपत नाही, मागे माझ्या मिसळीने एकाच्या डोळ्यात पाणी आलेलं. ते शुक्रवारी मूग शिजवून त्यात शेवग्याचा पाला घालतात म्हणून मुगाची उसळ सुचली, पण गोडात नारळ-तांदूळ त्यांचा जीव की प्राण, मग नारळीभात द्यावा का? की उकडीचे मोदक? ऑफिसला पोचेपर्यंत कडक होतील का? कुणी नेलेत का असे, प्लीज सांगा, परवा द्यायचाय.