ईश्वरानं जग का निर्माण केलं असावं?

पूर्वभागकर, सोलापूर
आमच्या घराचं पोट मागावरच चाललं. वडील जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) चादरी विणायचे, मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बाहेरून बी.ए. करतोय, विषय तत्त्वज्ञान. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनात, कापडाचंच उदाहरण निघालं! ज्यातून कापड बनतं ते सूत हे समवायी कारण, सुतांचा संयोग असमवायी, घडवून आणणारे विणकर नि धोटा निमित्त. जे जे कार्य त्याला कर्ता असतोच; पृथ्वी, अंकुर हीसुद्धा कार्यंच; म्हणून त्यांनाही कर्ता हवा. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हे कसून मांडलंय. मला पटलं.

पण विणकर विणतो तो मजुरीसाठी. ईश्वराला कशाचीच कमी नाही, मग त्याला जग कशाला हवं होतं? आणि हवं होतं तर असं का? मागाच्या खडखडाटात वडिलांचे कान गेले. आता समोर बसून बोललं तरी ते ओठांकडं बघत राहतात. मला वाद नकोय, उत्तर पाहिजे.

निवृत्त मास्तर, साखर पेठ
तुमची शंका वेदान्ताच्या मूळ ग्रंथानं, ब्रह्मसूत्रांनीच पूर्वपक्ष (आधी मांडून मग खोडायचा आक्षेप) म्हणून घेतली आहे: ‘न प्रयोजनवत्त्वात्’ (2.1.32), म्हणजे कृतीला हेतू लागतो, म्हणून ईश्वर कर्ता नाही. मीमांसा दर्शनाचे कुमारिल भट्ट तर म्हणतात, हेतूशिवाय मंदबुद्धीसुद्धा काही करत नाही. वेद प्रमाण मानणारा हा माणूस, तरी जगाचा कर्ता त्यांनी नाकारला. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते चकित व्हायचे.

वेदान्ताचं उत्तर पुढच्याच सूत्रात आहे, ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’: लोकांत दिसते तशी ही निव्वळ लीला, म्हणजे खेळ. शंकराचार्य दोन दाखले देतात, राजाची क्रीडा आणि आपला श्वासोच्छ्वास. क्रीडेत शोधला तर बारीकसा हेतू सापडेल, हे आचार्यही मान्य करतात. श्वास मात्र स्वभावानंच चालतो. मला हाच दाखला पटतो.

वडिलांच्या दुःखाचं उत्तर लीलेत नाही. त्यासाठी 2.1.34 पाहा. ईश्वर पावसासारखा, पीक येतं ते बियाण्याप्रमाणं, म्हणजे जिवाच्या कर्माप्रमाणं.

अकर्तावादी
मास्तर, मान राखून सांगतो, कर्माचं उत्तर या मुलाच्या वडिलांना देऊ नका. कान आवाजानं गेले. शेडमध्ये कानात घालायला काही दिलं असतं तर वाचले असते. मागच्या जन्माकडं बोट दाखवलं की हे बोलायचंच राहून जातं.

आम्ही जैन, जगाला कर्ता मानत नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी हाच पेच टाकला: ईश्वर परिपूर्ण असेल तर निर्मितीची इच्छा कुठून आली? अपूर्ण असेल तर कुंभाराइतकंच त्यालाही जग करणं जमणार नाही.

आणि चादरीचा दाखला तरी कुठं एका कर्त्यापाशी जातो? नक्षी काढणारा एक, मागाला नक्षी सांगणारी भोकांची पंचकार्ड पाडणारा दुसरा, सूत रंगवणारा तिसरा, विणणारा चौथा. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1779 साली प्रसिद्ध झालेल्या संवादांत हेच विचारलंय: घर, जहाज अनेकजण मिळून बांधतात, तर जगाचा कर्ता एकच कशावरून?

सोमवारची वारी
मी दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात जाते. कुठल्या युक्तिवादानं तिथं गेले नाही आणि कुठल्या युक्तिवादानं थांबेन असंही वाटत नाही. प्रश्न मात्र रास्त आहे, विचारत राहा.

पूर्वभागकर, सोलापूर
सगळ्यांचे आभार. अनेक कारागिरांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता, रोज डोळ्यांसमोर असतात ते. मास्तर, कर्म जर अनादि असेल तर ‘पहिल्यांदा का निर्माण केलं’ हा प्रश्नच उरत नाही ना?

निवृत्त मास्तर, साखर पेठ
बरोबर, 2.1.35 नेमकं तेच सांगतं: संसार अनादि आहे. पण मग ‘पहिला कर्ता’ही उरत नाही, नियंता उरतो. उदयनांचा ईश्वरही सूत निर्माण करत नाही, परमाणू त्यांच्या मते नित्यच आहेत. तो फक्त ते जुळवतो. वरच्या गृहस्थांचा कानांचा मुद्दा मला मान्य आहे. कर्मसिद्धान्त मानला तरी शेडमालकाची जबाबदारी सुटत नाही.