जुनी बोट की नवी कोरी? राहून आलेल्यांनीच लिहा

शिवडीची लेक
आईबाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत. बॅलार्ड पिअरहून 'एम्प्रेस' या क्रूझ बोटीने दोघांना लक्षद्वीपला न्यावं असं माझ्या मनात आहे. पण धाकट्याने मोबाइलवर शोधाशोध केली आणि जेवताना सुरू झाला, "ताई, ही बोट १९९० ची आहे. फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. अमेरिकेत वापरून झाली, स्पॅनिश कंपनीकडे वापरून झाली, आता आपल्याकडे. सेकंडहँड!" त्याचं म्हणणं, सिंगापूरला जाऊन नव्या बोटीवर चढू. बाबा म्हणाले, "मी ५८ सालचा. माझं काय करणार?"

दोन्ही प्रकारच्या बोटींवर राहिलेल्यांनी सांगा. माहितीपत्रकातलं नको. केबिन कुठे होती, झोप लागली का, नळाला पाणी कसं आलं, असलं हवंय.

गिरगावकर
२०१९ साली 'कर्णिका'ने गोव्याला गेलो होतो. तीही १९९० चीच. आधी 'क्राउन प्रिन्सेस', मग ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्वेल'. पुढून डॉल्फिनच्या कपाळासारखी गोल. ते कपाळ इटलीच्या रेन्झो पियानो या वास्तुकाराने काढलेलं, हे मला नंतर कळलं. खोली ऐसपैस होती. बाथरूममधल्या टाइल्स मात्र आमच्या चाळीतल्यांच्या वयाच्या वाटल्या. पण रात्री डेकवर वारा खात बसलो आणि किनाऱ्यावरचे दिवे मोजले, ते अजून आठवतं. पुढच्याच वर्षी ती अलंगला तोडायला गेली. किनाऱ्यावर चढवलेला तिचा फोटो पाहून बायको म्हणाली, "आपली खोली यातली कुठली असेल?"

ठाण्याची वर्षा
माझा अनुभव वाईट आहे, म्हणून बोटीचं नाव घेत नाही. केबिन स्वस्त मिळाली म्हणून सगळ्यात खालची, तीही पार मागची घेतली. उशाखाली कोणीतरी पिठाची गिरणी लावलीय असं रात्रभर. सकाळी नळ सोडला तर पहिलं मिनिटभर चहाच्या रंगाचं पाणी. गालिचा नवा, पडदे नवे, पलंगावर टॉवेलचा हत्ती. आणि गटाराचा वास! तक्रार केली तर एक माणूस येऊन अत्तरासारखं काहीतरी फवारून गेला. मग वास गटार अधिक मोगरा.

डोंबिवलीचा चीफ
२८ वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यातली काही प्रवासी बोटींवर. वर्षाताईंनी सांगितलं ते अगदी ओळखीचं. नूतनीकरण म्हणजे लोकांना वाटतं बोट नवी झाली. बोटीचे दोन भाग धरा: हॉटेल आणि यंत्र. ड्राय डॉकचा, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या दुरुस्तीच्या गोदीचा, एकेक दिवस महाग असतो, त्यामुळे हॉटेलवाले दिसेल त्याला हात घालतात: गालिचे, गाद्या, बार, टीव्ही. भिंतीमागे किलोमीटरच्या किलोमीटर पाइप असतात. ते बदलायचे तर केबिनच्या केबिन उसकटाव्या लागतात. म्हणून गळेल तेवढंच बदलतात. छताची उंची, खिडक्या, जिने तर बदलतच नाहीत. १९९० च्या आराखड्यात बाल्कन्या मोजक्या, त्या मोजक्याच राहणार.

पण जुनं म्हणजे धोक्याचं, हे काढून टाका डोक्यातून. प्रवासी बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र दर वर्षी तपासणी करून नवं घ्यावं लागतं आणि तळ पाच वर्षांत किमान दोनदा ड्राय डॉकमध्ये घेऊन तपासावा लागतो. फरक आहे तो असा: १ जुलै २०१० पासून पुढे बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी बोटींना एक जादा नियम लागू आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची आग किंवा पाणी शिरणं झालं तरी बोटीने स्वतःच्या बळावर बंदर गाठलं पाहिजे. त्यासाठी यंत्रसामग्री वेगवेगळ्या कप्प्यांत विभागून ठेवतात. जुन्या बोटीत हे मागाहून बसवणं म्हणजे चाळीला तळघर काढण्यासारखं.

कंपनाचं म्हणाल तर जुन्यांत लांब दांड्यावर बोट ढकलणारा पंखा फिरतो. १९९८ च्या 'इलेशन' बोटीपासून क्रूझवर पॉड आले: विजेची मोटर बोटीबाहेर, पाण्यातच. त्यामुळे पाठीमागची थरथर बरीच कमी झाली. वय विचारू नका, शेवटचा ड्राय डॉक कधी झाला ते विचारा. आणि केबिन मधोमध घ्या, शक्यतो खालच्या बाजूची. पण पार मागे नको.

दोन पोरांची आई, बोरिवली
सिंगापूरहून 'गेंटिंग ड्रीम' केली. २०१६ ची, ३३५ मीटर लांब. आमच्या केबिनला बाल्कनी, उशाशी यूएसबी, शॉवरला जोर. पोरं घसरगुंड्यांवरून खाली उतरायलाच तयार नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठंय?" खरंच, नाश्त्याची रांग, शोची रांग, लिफ्टची रांग, सगळं आतल्या आत. इन्फिनिटी मॉलमध्ये तीन दिवस मुक्काम केल्यासारखं. पोरं लहान असतील तर तरीही नवीच घ्या. माझ्या पोरांना समुद्र नकोच होता.

वेंगुर्ल्याचे आजोबा (टंकलेखन: नात)
तुम्ही कसली जुनी बोट म्हणता? आम्ही सत्तरच्या दशकात भाऊच्या धक्क्यावरून 'कोकणसेवक'ने जायचो. डेकवर वळकटी पसरायची, एका बाजूला ट्रंक, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी कोंबडी. निम्म्यांना बोट लागायची. बंदरात बोट लांब उभी राही, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उडी. खलाशी दंडाला धरून ओढून घेई. पाणी चहाच्या रंगाचं आलं म्हणे! आम्हाला चहा त्या रंगाचा मिळाला असता तर चाललं असतं.

ठाण्याची वर्षा
आजोबा, तिकिटाला किती पडायचे ते पण सांगा. मी त्या केबिनला माणशी चोवीस हजार मोजलेत.

माहीमची निशा
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना व्हीलचेअर लागते. जुन्या बोटीवर बाथरूमच्या दाराशी वीतभर उंबरा होता आणि दार इतकं अरुंद की खुर्ची बाहेरच. दोन दिवस मी आणि भाऊ त्यांना उचलून आत नेत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. व्हीलचेअरसाठीच्या खोल्या होत्या, पण थोड्याच, आणि भरलेल्या. नव्या बोटीवर तशी खोली मिळाली: सपाट जमीन, रुंद दार, धरायला दांडे. तिथे ते स्वतः आंघोळ करून आले. आईबाबा कसे चालतात, ते आधी बघ. बाकी सगळं नंतर.

गिरगावकर
निशा, हे पहिल्या नंबरवर हवं होतं.

शिवडीची लेक
सगळ्यांना धन्यवाद. निशाताई, आईचे गुडघे कुरकुरतात, पण उंबरा ओलांडता येतो. काल तिला चाळीच्या जिन्यावरून चढउतार करून दाखवायला लावलं, तिने मला वेड्यात काढलं. चीफकाका, ड्राय डॉकचं बुकिंगवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, वरच्यांना विचारून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन केला. मुंबईचीच बोट ठरवली. मधला भाग, लिफ्टपासून चौथं दार, गोल खिडकी. बाल्कनी परवडली नाही.

बाबा ३२ वर्षं इंदिरा डॉकमध्ये क्रेनवर होते. बोट सुटताना धक्क्यावरून रोज पाहिली, बोटीवरून धक्का कधी पाहिला नाही म्हणतात. सुटायच्या वेळी जेवणाची वेळ असली तरी ते डेकवरच थांबणार आहेत. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, "मी जेवून घेईन."